सारखाच पुरावा

(महदिया, ट्युनिसच्या दक्षिणेचं बंदराचं गाव. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, शाझली मास्तरांचं अंगण. दुपार.)

अरवा: नाही सर, कॉफी नको. कॉफी आली की तुम्ही साखरेवर बोलायला लागता, मग लिंबाच्या झाडावर, आणि मी आले तशी परत जाते. मागच्या खेपेला तेच झालं.

शाझली: बरं, राहिलं. पण बस तरी. सासऱ्याच्या अंगणात सुनेनं असं उभं राहायचं असतं का?

अरवा: सून कसली. निकाह झाला आणि वरात राहिली. या घरात सून म्हणून पाऊल टाकलंच नाही मी. तोंडातून अजून ‘सर’च निघतं.

शाझली: निघू दे. झियादसुद्धा वर्गात ‘सर’ म्हणायचा. घरी आला की बाबा. एकदा जेवताना चुकून म्हणाला, सर, जरा मीठ द्या. त्याची आई, मन्नूबिया, हसून हसून लोळली होती.

अरवा: सर, मी कोर्टातून येतेय.

शाझली: कसलं कोर्ट?

अरवा: ऐकून घ्या. जज्जबाई भली आहे. ती म्हणाली, दोन वाटा आहेत. नवरा बेपत्ता आहे म्हणून घटस्फोट माग, तो देते. नाहीतर त्याच्या वडिलांना घेऊन ये. सिसिलीच्या वाटेवर बुडालेल्या त्या बोटीबरोबर मुलगा गेला असं त्यांना वाटतं का, ते त्यांनी माझ्यासमोर सांगावं. बाकी कागद आहेतच. तसं झालं तर मी तो वारला असं नोंदवते.

शाझली: मग घटस्फोट घे. मला राग येणार नाही, खरंच सांगतो. तुझं वय काय आहे? आख्खा दिवस त्या औषधांच्या दुकानात उभी असतेस. घरी जाऊन पुन्हा वडिलांचं आजारपण. कुणी बरा माणूस भेटला तर...

अरवा: घटस्फोट कशाबद्दल घेऊ? त्यानं माझं काय वाकडं केलं? घटस्फोट घेतला म्हणजे मी त्याला टाकला. मी नाही टाकला त्याला. मला विधवा व्हायचंय, सर.

शाझली: हे काय मागणं झालं, पोरी.

अरवा: मला रडायचंय. तुम्हाला कल्पना नाही, मला कुणी रडूच देत नाही. दुकानात डोळे भरले तर गिऱ्हाईक म्हणतं, धीर धर, अल्लाह आणेल त्याला. घरी आई म्हणते, जित्या माणसाच्या नावानं रडू नये. इथं आले तर मन्नूबिया खाला त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर माझ्या पाठीला लावून माप बघतात. आता मी काय करते सांगू? गावात कुणाकडे मयत झाली की जाते. दुसऱ्याच्या माणसावर रडून घेते. परवा दर्ग्यामागची ती म्हातारी गेली, तिला मी जेमतेम दोनदा पाहिलं होतं. तिच्या सुनांपेक्षा मी जास्त रडले. बायका बघायला लागल्या.

शाझली: मला हे ठाऊक नव्हतं.

अरवा: म्हणून सांगितलं.

शाझली: पण अरवा, जी गोष्ट मला माहीत नाही ती मी न्यायाधीशासमोर कशी बोलू? प्रेत मिळालेलं नाही. माझं रक्त तपासायला दिलं, ते वाहून आलेल्या कुठल्याच प्रेताशी जुळलं नाही. तो गेला हे मला माहीत नाही. आहे हेही माहीत नाही. जन्मभर पोरांना हेच शिकवलं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. तत्त्वज्ञानाची सुरुवात आम्ही इथंच करतो.

अरवा: हो. पहिल्याच दिवशी. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, या विषयाचा उपयोग काय.

शाझली: दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. कुणी विचारलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

अरवा: तुम्ही उत्तर दिलंच नाही. म्हणालात, ज्याची पक्की खात्री आहे अशी एकेक गोष्ट सांगा. कुणी म्हणालं, सूर्य उद्या उगवेल. कुणी म्हणालं, मी आहे. आणि झियाद उठून म्हणाला, आज सरांच्या घरी मासळीचा कुसकुस आहे, याची मला पक्की खात्री आहे.

शाझली: सकाळी आईला मासे साफ करताना बघून आला होता बेटा. वर्ग नुसता खदखदला.

अरवा: आणि दुसऱ्या दिवशी?

शाझली: दुसऱ्या दिवशी हातात खडू घेतो न घेतो तोच उभा राहिला. म्हणाला, सर, पुरावा कच्चा निघाला. मासे मामाकडे गेले, आम्हाला मसूर मिळाले.

अरवा: तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

शाझली: परीक्षेत त्याला तत्त्वज्ञानातच सगळ्यात कमी गुण पडले. बापाची अब्रू घालवली. मग फ्रीज दुरुस्त करायला शिकला. म्हणायचा, बाबा, तुमच्याकडे नुसते प्रश्न थंड होतात, माझ्याकडे निदान पाणी थंड होतं.

अरवा: सर, मी शब्बेला जाऊन आले. हम्दीकडे.

शाझली: हम्दीकडे आम्हीही गेलो होतो. हॉस्पिटलातून घरी आला त्याच आठवड्यात. बोट उलटली, अंधार होता, झियाद पुन्हा दिसला नाही, असं म्हणाला. त्या बोटीवरून वाचलेला तो एकटाच, त्याला तरी आणखी काय माहीत असणार.

अरवा: तेव्हा खाला त्याच्यासमोर बसल्या होत्या. त्याचा हात धरून. त्यांच्यासमोर त्याला खरं सांगवलं नाही.

शाझली: म्हणजे?

अरवा: तो मला बोलला, सर. झियाद त्याच्याबरोबर होता. डिझेलचा एक रिकामा कॅन होता, दोघांनी त्याला धरलं होतं. पार उजाडेपर्यंत. मग झियाद बोलायचा थांबला. हम्दीनं हलवलं, गालावर मारलं. मग त्याचा हात सुटला, आणि हम्दीला तो धरता आला नाही.

शाझली: थांब. थांब जरा.

अरवा: पाणी आणू?

शाझली: नको. बघ, हम्दी स्वतः अर्धमेला होता. थंडीनं माणूस बरळतो. समोरचा बेशुद्ध आहे की गेलाय, हे त्याला काय कळणार? शिवाय आधी एक सांगितलं आणि आता दुसरंच सांगतोय. दोन जबान्या देणाऱ्या साक्षीदारावर कुठलं कोर्ट विश्वास ठेवेल? आणि समजा तो बेशुद्ध होऊन वाहत गेला, तरी त्या भागात मासेमारीच्या बोटी असतात. सिसिलीच्या बोटी थेट तिथवर येतात.

अरवा: हो. असतात.

शाझली: मग?

अरवा: मग काही नाही. एक विचारू? गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला सिसिलीतून, पालेर्मोहून फोन आला होता. कुणीतरी म्हणालं, तुमचा मुलगा इथे कैदेत आहे, मी पाहिला.

शाझली: आला होता.

अरवा: तो कोण होता?

शाझली: नाव नाही सांगितलं.

अरवा: झियादला कुठे पाहिलं म्हणाला? अंगात काय होतं? त्यानं झियादला ओळखलं कशावरून?

शाझली: फोन कट झाला.

अरवा: पुन्हा लावलात?

शाझली: लागला नाही.

अरवा: आणि तुम्ही गल्लीत मिठाई वाटलीत.

शाझली: मन्नूबियानं वाटली.

अरवा: तुम्ही आणलीत, सर. मला डबा तुमच्याच हातून मिळाला. मी काही म्हटलं नाही, मीही खाल्ली. पण तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत, मला वाक्य जसंच्या तसं आठवतंय. जे हवंय त्याला जेवढा पुरावा मागाल, तेवढाच जे नकोय त्यालाही मागा. कमी नाही, जास्तही नाही. बाकी तत्त्वज्ञान विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा, असं म्हणाला होतात.

शाझली: म्हणालो होतो.

अरवा: मी रोज वापरते ते. दुकानात एखादी बाई मुलाला घेऊन येते. खोकला जात नसतो. तिला हवं असतं की मी म्हणावं, काही नाही, सर्दी आहे. मलाही तेच म्हणावंसं वाटतं. मग मी स्वतःला विचारते, हे मी जाणते म्हणून बोलतेय की हवंय म्हणून. आणि तिला डॉक्टरकडे पाठवते. बाकी सगळं विसरले, सर. कुणी काय लिहिलं, कुणी कुणाला खोडलं. एवढंच उरलं. आणि आता तुम्ही हम्दीला दहा प्रश्न विचारताय, आणि पालेर्मोच्या माणसाला एकसुद्धा विचारला नाहीत.

शाझली: तू आज मला वर्गात उभं केलंस.

अरवा: तसं करायला नव्हते आले.

शाझली: नाही, बरोबर आहे तुझं. ‘मला माहीत नाही’ हे बोलायला किती चांगलं आहे माहितेय? मान ताठ राहते. मित्र कॉफीच्या टेबलावर म्हणतात, बघा, शाझली अजूनही विचार करणारा माणूस आहे. कुणाला कळत नाही की मी त्या वाक्यात जाऊन झोपलोय. पांघरूण घेतल्यासारखा.

अरवा: खाला कुठे आहेत?

शाझली: बाजारात. येईल एवढ्यात. तिला यातलं काही बोलू नकोस.

मन्नूबिया: बोलून झालंय सगळं. गल्लीत आवाज येतोय तुमचा. दार तरी लावून घ्यायचं होतंत, मास्तर.

अरवा: खाला, द्या ती पिशवी माझ्याकडे.

मन्नूबिया: हात लावू नकोस. माझी पिशवी मला उचलता येते. कोण आहे तो?

अरवा: कोण?

मन्नूबिया: ज्याच्यासाठी माझ्या पोराला पुरायला निघालीस तो. बंदरावर आहे, का सूस शहरात आहे, का तुझ्या दुकानाचा मालकच?

शाझली: मन्नूबिया.

मन्नूबिया: तुम्ही गप बसा. मी हिला विचारतेय.

अरवा: कुणी नाही, खाला. आज तरी कुणी नाही. पुढे कुणी असेल की नसेल, मला सांगता येत नाही. असलाच तर तुमच्यापासून लपवणार नाही. पण आज मी त्याच्यासाठी आलेय, दुसऱ्या कुणासाठी नाही.

मन्नूबिया: त्याच्यासाठी. हिनं कोर्टात जायचं, यांनी तिथं उभं राहून तो मेला म्हणायचं, आणि हे सगळं त्याच्यासाठी. ट्युनिसला सरकारी कचेरीसमोर मी त्याचा फोटो छातीशी धरून उन्हात उभी राहते, ते कुणासाठी? तिथं बायका आहेत, त्यांची पोरं याच्या कितीतरी आधी गेलीत. एकही म्हणत नाही, मेला. एकही नाही. आणि माझ्याच घरात माझाच नवरा म्हणणार?

शाझली: मी अजून काही म्हटलेलं नाही.

मन्नूबिया: म्हणाल. मला तुमचं तोंड दिसतंय. वर्गातून दमून आलात की असंच तोंड असायचं. मी विचारायची, आज काय शिकवलंत? तुम्ही म्हणायचात, मृत्यू. नाहीतर स्वातंत्र्य. नाहीतर सुख. मी इथं ढीगभर मिरच्या चिरत असायची आणि हे सुख शिकवून यायचे. मी कधी बोलले नाही. वाटायचं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी असेल त्यात. पण मला आज सांगा, एवढी लोकांची पोरं शहाणी केलीत, आपल्या पोराला एक गोष्ट पटवता आली नाही? जाऊ नको, एवढीच?

शाझली: नाही आली.

मन्नूबिया: का नाही आली?

शाझली: कारण तो जे विचारत होता त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथं राहून काय करू, म्हणाला. मी म्हटलं, धीर धर. म्हणाला, किती? मी काय सांगणार होतो? खोटं सांगितलं असतं तर कदाचित थांबला असता.

मन्नूबिया: मग सांगायचं होतंत खोटं.

शाझली: रोज वाटतं मला तसं.

मन्नूबिया: मग काय कामाचं आहे हो तुमचं तत्त्वज्ञान?

शाझली: बोट बुडत असताना काही कामाचं नाही. तिथं पोहायला यावं लागतं, आणि नशीब लागतं. जे काठावर उरतात त्यांना थोडंसं कामाला येतं, असं मला वाटत होतं. स्वतःला न फसवता दुसऱ्या दिवशी कसं उठायचं, एवढ्यापुरतं. पण मी तेही केलं नाही. ही करतेय. हिच्यावर ओरडू नकोस.

मन्नूबिया: मी ओरडत नाहीये.

अरवा: ओरडलात तरी चालेल, खाला.

मन्नूबिया: तू हम्दीकडे गेली होतीस म्हणे.

अरवा: तुम्ही ते ऐकलंत?

मन्नूबिया: दारात उभी होते. सगळं नाही ऐकू आलं. त्यानं काय सांगितलं तुला?

शाझली: आता नको. नंतर.

मन्नूबिया: मास्तर, पोटात मी वाढवला त्याला. बोल गं.

अरवा: दोघांनी एक कॅन धरला होता. झियाद म्हणत होता, हात कळत नाहीत. मग म्हणाला, झोप येतेय. हम्दीला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, थंडीत झोपू द्यायचं नसतं. म्हणून तो त्याला काहीबाही विचारत राहिला. गाव कुठलं. शाळा कुठली. बापाचं नाव काय. आईचं नाव काय.

मन्नूबिया: मग?

अरवा: तो सांगत होता. गाव सांगितलं. सरांचं नाव सांगितलं. तुमचं सांगितलं. मग हम्दीनं विचारलं, बायकोचं नाव काय. तेव्हा तो बोलला नाही. हम्दीला आधी वाटलं, लाजला.

मन्नूबिया: माझं नाव नीट सांगितलं?

अरवा: हो. हम्दी म्हणाला, मन्नूबिया, असं स्पष्ट म्हणाला.

मन्नूबिया: लहानपणी त्याला म्हणता यायचं नाही. नुसतंच ‘बिया, बिया’ करायचा. शेजारणी चिडवायच्या.

शाझली: बस, मन्नूबिया. ये इथे, माझ्याजवळ बस.

मन्नूबिया: पहाट झाली होती का?

अरवा: उजाडायला लागलं होतं.

मन्नूबिया: त्या पहाटे मी उठले होते. कुसकुसासाठी सांजा भिजवत होते, शुक्रवार होता. मला काहीसुद्धा कळलं नाही. आईला कळतं म्हणतात. मला काही नाही कळलं. हात चालू होते माझे.

शाझली: कुणालाच कळत नाही. तशी गोष्ट लोक मागाहून रचतात.

मन्नूबिया: म्हणजे माझी काही चूक नाही?

शाझली: नाही. हे मात्र मला माहीत आहे.

मन्नूबिया: पण कोर्टात काय सांगणार? ‘गेला’ म्हणणार?

शाझली: जे खरं आहे ते सांगेन. मी पाहिलं नाही. ज्यानं पाहिलं त्याच्यावर अविश्वास ठेवायला माझ्याकडे एकच कारण होतं, ते म्हणजे त्याचं बोलणं मला नको होतं. आणि ते कारण पुरेसं नाही. म्हणून, माझ्या मते, माझा मुलगा गेला. एवढंच सांगायचं आहे. जमेल मला.

मन्नूबिया: मी नाही येणार.

शाझली: नको येऊस.

मन्नूबिया: आणि ट्युनिसला जायची ते जाणार. फोटो घेऊन. त्या बायका माझी वाट बघतात.

शाझली: जा. मीही येईन तुझ्याबरोबर. या वेळी कॉफीच्या दुकानात बसणार नाही, तुझ्याशेजारी उभा राहीन. तो गेला असेल तरी, पोरं का जातात आणि कुणी त्यांना शोधत का नाही, हे विचारायचंच आहे. तो प्रश्न काही मिटला नाही.

मन्नूबिया: तुम्ही उन्हात उभे राहणार. चक्कर येऊन पडाल.

शाझली: पडलो तर तू आहेस.

अरवा: सर, सोमवारी सकाळी मी घ्यायला येते. दुकानातून सुट्टी घेतलीय.

शाझली: ये. आणि आता ‘सर’ म्हणणं बंद कर.

अरवा: प्रयत्न करते. बरं, निघते मी. आई वाट बघत असेल.

मन्नूबिया: थांब. रडलीस का तू? त्यानं सांगितलं तेव्हा?

अरवा: नाही. बसमध्ये रडू येत नव्हतं. नंतर घरी आई होती.

मन्नूबिया: इथं कुणी नाही आता. आम्ही दोघंच आहोत.

अरवा: खाला...

मन्नूबिया: ये. अशी. चेहरा झाकू नकोस, कशाला झाकायचा. मास्तर, तुम्ही त्या दाराला कडी लावा आणि आतून पाणी आणा.

शाझली: आणतो.

मन्नूबिया: आणि तुझ्या आईला निरोप धाड. सोमवारी कोर्टातून परस्पर इकडेच ये, कपडे घेऊन. विधवेची इद्दत, ते चार महिने दहा दिवस, माहेरी काढत नसतात, नवऱ्याच्या घरात काढतात. मी त्याची खोली झाडून ठेवते.